आठ दिवस आधीचा शुक्र

१९६२ च्या मार्चमध्ये मी एक बातमी दिली. ती खरी होती. तारीख, वेळ, ठिकाण, नाव, त्यातलं काहीच चुकलं नव्हतं. त्या बातमीमुळे गोजरा म्हस्केची मॅट्रिकची परीक्षा बुडाली.

तेव्हा मी अकोल्याच्या एका दैनिकाचा बुलढाण्याचा वार्ताहर होतो. कोर्टाचे निकाल, कलेक्टर कचेरीतल्या बैठका, घाटात उलटलेला एखादा ट्रक, असा माझा माल असे. रेल्वे नसल्यानं बातम्यांचं पाकीट रात्री आठच्या मोटारीनं जायचं. आठ वाजून पाच मिनिटांनी सुचलेल्या गोष्टीला माझ्या धंद्यात किंमत नव्हती.

आकाश माझ्याकडे वेगळ्याच कारणानं आलं. त्या वर्षी फेब्रुवारीत अष्टग्रही होती. आठ ग्रह एका राशीत येणार आणि जग बुडणार म्हणून गावोगाव होमहवन चाललं होतं. हायस्कूलच्या मुख्याध्यापकांना ठाऊक होतं, की मी नागपूरला बी.एस्सी.ची दोन वर्षं काढून शिक्षण सोडलंय. ते म्हणाले, "रामराव, पोरं घाबरली आहेत. तुम्ही जरा समजावून सांगा."

मी एक संध्याकाळ गेलो आणि मग दर गुरुवारी जाऊ लागलो. जग बुडालं नाही, याचं थोडं श्रेय पोरांनी मलाही दिलं. शाळेमागच्या मोकळ्या माळावर दहा-बारा जण जमत. तिथून पश्चिमेला जमीन उतरत जाते, त्यामुळे मावळतीचं आकाश अगदी खालपर्यंत दिसे. दुर्बीण नव्हती. एक कंदील, एक फळा आणि एक वही एवढंच सामान.

वहीचे नियम मी घालून दिले होते. तारीख, वेळ, आकाश कसं होतं, काय दिसलं, कोणी पाहिलं. जे डोळ्यांनी पाहिलं तेच लिहायचं, आणि पाहिलं ते लिहायचंच. बातमी लिहायची माझी रीत मी पोरांना शिकवत होतो. ती चांगलीच रीत आहे असं मला वाटे.

गोजरा अकरावीत, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकच्या वर्गात होती. मूळ देऊळघाटची, बुलढाण्यात मावशीकडे राहून शिकत होती. नोंदी ती लिहायची, कारण तिचं अक्षर चांगलं होतं आणि नजर त्याहून चांगली. संध्याकाळची पहिली चांदणी दरवेळी तिलाच आधी दिसे. प्रश्न विचारताना ती आधी खाली बघायची, मग एकदम विचारायची.

"भाऊ, सूर्यात जळतं तरी काय?"

"तुला काय वाटतं?"

"कोळसा म्हणलं तं पुरत नाई. मी हिशोब केला. सूर्याएवढा कोळसा असला तरी पाच-सहा हजार वर्षांत खलास."

हा हिशोब तिनं कुठून काढला, ते मी विचारलं. विज्ञानाच्या सरांकडून सूर्याचं वजन आणि कोळशाची उष्णता घेऊन तिनं पाठकोऱ्या कागदांवर तीन दिवस भागाकार केले होते. मी दोन ठिकाणी तपासले, बरोबर होते.

मग मी सांगितलं, की सूर्यात काही जळत नाही. बाहेरच्या थरांचं सगळं वजन मधल्या भागावर पडतं. तिथे हायड्रोजनचे कण इतक्या दाबात आणि इतक्या उष्णतेत असतात, की ते एकमेकांत मिसळून नवा पदार्थ बनतो. त्यात किंचित वजन कमी भरतं. तेवढं वजन उजेड होऊन बाहेर पडतं.

"सरकीचा ढीग आतून तापते, तसं?" तिनं विचारलं.

"तसं नाही. पण आतून, हे बरोबर."

"सरकीले तं वास सुटते," कडूबा म्हणाला. हा देऊळघाटचाच, तिच्याच वर्गातला. तो गप्प बसला तर आजारी आहे असं समजायचं. "सूर्याचा वास कसा येत असन बे?"

"तू जवळ जाऊन ये अन् सांग," गोजरा म्हणाली.

तिला अमरावतीला सायन्सला जायचं होतं. वडील भगवानराव नाही म्हणत नव्हते आणि हो पण म्हणत नव्हते. मॅट्रिक झाल्याशिवाय हा प्रश्नच येत नाही, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. परीक्षा एकोणीस मार्चपासून होती.

फेब्रुवारीच्या शेवटच्या गुरुवारी शुक्राचा विषय निघाला. पंचांगात त्याचा अस्त चालू होता. मी कंदील मध्ये ठेवला, गोजराला पृथ्वी म्हणून एका बाजूला उभं केलं आणि कडूबाला शुक्र करून कंदिलाभोवती फिरायला लावलं. कंदिलाच्या मागे गेल्यावर त्याचं तोंड उजेडाच्या झगमगाटात दिसेना.

"शुक्र बुडाला!" मागून कोणीतरी ओरडलं.

"बुडाला नाही," मी म्हणालो. "सूर्याच्या पलीकडे गेलाय. आहे तिथेच फिरतोय. आता हळूहळू बाजूला सरकेल आणि सूर्य मावळल्यावर पश्चिमेला दिसायला लागेल. त्यालाच उदय म्हणतात."

"मंग अस्तात लगन काऊन नाई लावत?"

"ते मला विचारू नका, जोशांना विचारा."

"आमच्यात नाई पाहत तसलं," पंजाब म्हणाला. त्याच्या घरच्यांनी पाच-सहा वर्षांपूर्वी बौद्ध धर्म घेतला होता. "शुक्र डुबो का उगवो, आम्ही रविवार पाह्यतो. लोकायले सुट्टी राह्यते."

सगळे हसले. कडूबा कंदिलामागूनच म्हणाला, "गोजरीचं लगन तं शुक्रावरच अटकलं हाये ना भाऊ. म्हंजे माह्यावर. मी इथून हाललो नाई तं हे कुवारीच राह्यते."

"हालू नको मंग," गोजरा म्हणाली.

मी विचारलं तेव्हा तिनं सगळं नीट सांगितलं. उंद्रीच्या सुरुशांकडे सोयरीक झाली होती. कुंकू लागलं होतं. नवऱ्या मुलाची आजी आजारी होती आणि तिला नातसून बघायची होती, म्हणून त्यांना घाई. दोघांच्या पत्रिकेला जुळणारी तिथी फाल्गुनात एकच निघत होती, पंधरा मार्च. पण पंचांगात शुक्राचा उदय सोळा मार्चला होता.

"एका दिवसानं वाचली भाऊ," ती म्हणाली. "चैत्रात आमच्याकडं लावत नाईत. मंग एकदम वैशाख. बाबा म्हणाले, फाल्गुन हुकला तं परीक्षा दे. अन् पास झाली तं पुढचं सुरुशांशी बोलू."

"म्हणजे शुक्रच तुला परीक्षेला बसवतोय," मी हसत म्हणालो.

हे सगळं मी ऐकलं होतं, हे इथे लिहिणं भाग आहे. मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. माहिती माझ्यापाशी दोन आठवडे पडून होती.

आठ मार्चला, गुरुवारी, आकाश धुतल्यासारखं स्वच्छ होतं. चंद्राची बारीक कोर वर आली होती. सूर्य मावळून पंधरा मिनिटं झाली असतील. मी पोरांना म्हणालो, "कोरीच्या बरंच खाली, थोडं उजवीकडे बघत राहा. पंचांग सोळा तारीख सांगतं. मला वाटतं, त्याच्या आधी दिसेल."

खरं तर मला तसं नुसतं वाटत नव्हतं. मी गणित करून आलो होतो. जुनी पंचांगं जुन्या कोष्टकांवर चालतात, हे पोरांना डोळ्यांनी दाखवायचं होतं. दोन दिवसांपासून मी त्याच विचारात होतो.

पावणेसातला मी गोजराकडे पाहिलं. ती पश्चिमेकडे बघत होती आणि तिची नजर एका जागी थांबली होती. मग तिनं मान खाली घातली.

दोन-तीन मिनिटांनी पंजाब ओरडला, "थो! थो पाहा! झाडाच्या वरतं!"

मग एकेक करून सगळ्यांना दिसला. तांबूस उजेडात टाचणीच्या टोकाएवढा ठिपका. पोरं नाचायला लागली. कडूबानं पंचांगाला दोन शिव्या घातल्या, त्या मी ऐकल्या नाहीत असं दाखवलं. सात वाजून काही मिनिटांनी ठिपका धुरकट पट्ट्यात गेला.

कंदिलाच्या उजेडात गोजरानं वही उघडली. मी मागे उभा राहून वाचत होतो. तारीख आठ मार्च. वेळ सहा पंचेचाळीस ते सात पाच. आकाश निरभ्र. काय दिसलं, या रकान्यात तिनं लिहिलं: चंद्रकोर. शुक्र दिसला नाही.

"हे काय?" मी म्हणालो.

तिनं शाई वाळवायला वहीवर फुंकर मारली.

"सगळ्यांना दिसला. तुला सगळ्यांच्या आधी दिसला. मी पाहत होतो."

"ढग होता भाऊ."

"वर निरभ्र लिहिलंय तू."

ती पेन हातात धरून बसली. मग हळूच म्हणाली, "माह्या नावापुढं नका लिहू. बाकीच्यायच्या नावानं लिहा."

"नावाचा प्रश्न नाही. दिसला की नाही, तेवढं सांग."

तिनं पेनला टोपण लावलं. मला राग आला. ज्या एका पोरीवर माझा भरवसा होता, तीच वहीत खोटं लिहीत होती. सगळ्यांसमोर मी म्हणालो, "खोटी नोंद करायची असेल, तर त्यासाठी आकाशाकडे बघायची गरज नाही. घरी बसूनही करता येते."

तिनं पेन वहीवर ठेवलं आणि उठली. मी खिशातली लाल पेन्सिल काढली, तिची ओळ खोडली आणि वर लिहिलं: शुक्र दिसला. प्रथम पाहणारी, गोजरा भगवानराव म्हस्के.

त्या क्षणी मला तिच्या लग्नाची आठवण झाली होती का? हा प्रश्न मी स्वतःला बऱ्याचदा विचारला आहे. नव्हती, असं माझं उत्तर आहे. पण घड्याळात सव्वासात वाजले होते आणि आठची मोटार मला पक्की आठवत होती.

स्टँडसमोरच्या हॉटेलात बसून मी अर्ध्या तासात बातमी लिहिली. नुसतं 'शुक्राचे दर्शन' म्हटलं असतं, तर ती आतल्या पानावर तीन ओळींत गेली असती. 'देऊळघाटच्या विद्यार्थिनीने पंचांगाच्या आठ दिवस आधी शुक्र पाहिला' म्हटल्यावर तिला चौकट मिळणार, हे मला ठाऊक होतं. तिचं पूर्ण नाव, वडिलांचं नाव, गाव, इयत्ता, सगळं घातलं. पोरीला मी जास्त बोललो होतो. नाव छापून आलं की ती खूश होईल, असंही मनात होतं. पाकीट वेळेवर गेलं.

दहा तारखेला, शनिवारी, चौकट छापून आली. त्याच दिवशी संध्याकाळी माझ्या खोलीच्या दारात एक उंच, पागोटेवाला माणूस उभा राहिला. हातात घडी केलेला पेपर आणि पेढ्यांचा पुडा.

"पेपरवाले रामरावसाहेब आपणच ना? मी भगवानराव म्हस्के. गोजरीचा बाप."

मी त्यांना बसवलं. ते खाटेच्या कडेवर बसले आणि पेपर मांडीवर उघडला.

"म्हस्क्यायच्या घरात आजवर कोनाचं नाव पेपरात आलं नाई साहेब. एकडाव चुलत्याचं आलं होतं, पन ते बांधाच्या मारामारीत. हे पहिलंच चांगल्या कामात." त्यांनी पुडा पुढे केला. "घ्या. लगनाचंही समजा अन् नावाचंही समजा."

"लग्नाचं?"

"हाव ना! सकाळच्या मोटारीनं पेपर आला. हॉटेलात मोठ्यानं वाचला. जोशीबुवा तिथंच चहा पिऊन राह्यले होते. मी म्हणलं, महाराज, आता? तं ते म्हणाले, डोळ्यानं पाह्यला म्हंजे उदय झाला, पंचांग काय आभाळाच्या वरतं हाये का? अन् पाह्यलाही कोनं, तं नवरीनं सोता! याच्याहून चांगला शकुन कोनता?" ते हसले. "उंद्रीले मानूस धाडला. पंधराची पक्की."

पेढा माझ्या हातात होता. मी विचारलं, "आणि तिची परीक्षा?"

त्यांचं हसू जरा कमी झालं. "आता काय करता साहेब. मी सोयऱ्याले सबद देल्ता, फाल्गुनात तिथी निघाली तं फाल्गुनात. तिथी तं निघाली."

ते गेल्यावर मी फेब्रुवारीच्या त्या संध्याकाळपासून सगळं आठवलं. कंदील, कडूबा, एका दिवसानं वाचली. नोंद तिनं का तशी लिहिली, हे कळायला मला एवढा वेळ लागला. ते सांगायला वधूपित्याला पेढे घेऊन यावं लागलं.

रविवारी मी देऊळघाटला गेलो. ओट्यासमोर भगवानराव लाकडं फोडत होते. मांडवाच्या बल्ल्या येऊन पडल्या होत्या. गोजराची आई रुखमाबाई पाणी घेऊन आली आणि म्हणाली, "पोरगी तीन दिवसांपासून तोंड उघडून बोलत नाई. शाळेत काही झालं का भाऊ?"

"माझ्याकडून झालं," मी म्हणालो.

भगवानरावांना मी सांगितलं, की गोजरानं शुक्र दिसला असं लिहिलंच नव्हतं. दिसला नाही असं लिहिलं होतं. ती ओळ मी खोडली आणि बातमीही मी माझ्या मनानं दिली. तिला परीक्षेला बसू द्या.

त्यांनी कुऱ्हाड खाली ठेवली. "म्हंजे पेपरात खोटं छापलं?"

"नाही."

"मंग? शुक्र दिसला का नाई दिसला?"

त्यांच्या मागे दार अर्धं उघडं होतं. आत कोणीतरी हालचाल न करता उभं होतं, एवढं मला कळलं. मी 'नाही' म्हणालो असतो तर पुरे होतं. माझी चूक झाली, तो दुसराच तारा होता, मंगळवारच्या अंकात खुलासा छापतो, असं म्हणालो असतो तर जोशीबुवांनी शब्द मागे घेतला असता, पंधरा तारीख गेली असती आणि वैशाखापर्यंत कोणी काही बोललं नसतं. शुक्राचं काही बिघडणार नव्हतं. हे सगळं माझ्या डोक्यात आलं. त्याबरोबर आणखी एक गोष्ट आली. खुलासा वाचून संपादक काय म्हणतील? बुलढाण्याच्या वार्ताहराला शुक्र ओळखता येत नाही, असं म्हणतील.

"दिसला," मी म्हणालो.

"मंग झालं तं," भगवानराव म्हणाले आणि त्यांनी कुऱ्हाड उचलली. "चहा घेऊनच जा साहेब."

दार आतून लागलं.

मी खरं बोललो म्हणून तसं झालं, असं म्हणायची सोय मला आहे. दोन-चार वेळा मी ती वापरूनही पाहिली. पण ते 'दिसला' मी शुक्रासाठी म्हणालो नव्हतो.

पंधरा तारखेला मी लग्नाला गेलो. न जाणं सोपं होतं, म्हणून गेलो. भगवानरावांनी मला मानाच्या माणसांत बसवलं. टोपी, उपरणं, नारळ दिला. जोशीबुवांनी मंगलाष्टकांच्या आधी चार लोकांना सांगितलं, की मुहूर्त यांच्यामुळे निघाला. लोक माझ्याकडे बघून मान हलवत होते. गुरुवारच्या पोरांपैकी फक्त पंजाब आणि कडूबा आले होते. कडूबा जेवला नाही. माझ्याजवळ येऊन म्हणाला, "भाऊ, मी तिथून हालाले नाई पाह्यजे होतं." त्याला ते विनोदानं म्हणायचं होतं, पण जमलं नाही.

सासरी नवरीचं नाव बदललं. विमल.

एकोणीसला परीक्षा सुरू झाली. केंद्रावर किती विद्यार्थी बसले, याची बातमी दरवर्षी जायची, तशी मी दिली. शेवटची ओळ होती: एक विद्यार्थिनी गैरहजर. अशा बातमीत कारण लिहीत नाहीत.

गुरुवारी माळावर जाणं मी बंद केलं. पोरांना परीक्षेचं कारण सांगितलं, मग सुट्टीचं.

जूनमध्ये मुख्याध्यापकांकडून ऑक्टोबरच्या परीक्षेचा फॉर्म घेऊन मी उंद्रीला गेलो. सुरुशांचं घर गावाच्या कडेला होतं. पुंजाजी सुरुशे, तिचे सासरे, अंगणात बैलांना वैरण टाकत होते. ज्या आजारी आजीसाठी घाई होती, ती ओसरीवर बसून तंबाखू मळत होती. तब्येत चांगली दिसत होती.

मी फॉर्मचं बोललो. पुंजाजी आडमुठे नव्हते. सगळं ऐकून घेतलं. त्यांचा मुलगा निवृत्ती म्हणाला, "देऊ द्या ना बाबा. वावरातलं काम काही तिच्यावाचून अडत नाई." पुंजाजींनी सुनेला बाहेर बोलावलं.

ती आली. डोक्यावर पदर होता. मला बघून ती थांबली, मग खांबाजवळ बसली. फॉर्म हातात घेऊन तिनं तो पहिल्या ओळीपासून वाचला.

"इथं नाव कोनतं लिहू?" तिनं विचारलं.

"शाळेच्या दाखल्यावर आहे ते. गोजरा भगवानराव."

"नाई," पुंजाजी म्हणाले. "परीक्षा देऊ दे, माह्यी ना नाई. पन सुरुशांची सून बापाच्या नावानं कागद भरन अन् गावभर होईन, हे नाई चालत. विमल निवृत्ती सुरुशे, असं लिहा."

"बोर्ड घेणार नाही," मी म्हणालो. "नाव बदलल्याचे कागद लागतील. कोर्टात प्रतिज्ञापत्र, आणि पेपरात जाहीर नोटीस. त्याला वेळ लागतो. ऑक्टोबर जाईल. पुढच्या मार्चला बसता येईल."

"मंग मार्चले बसन," पुंजाजी म्हणाले आणि बैलांकडे गेले. निवृत्ती त्यांच्यामागे गेला. आजी बसली होती, पण तिला ऐकू कमी येत असावं.

मी म्हणालो, "गोजरा, माझं चुकलं."

"काय चुकलं?"

"मी ते छापायला नको होतं."

तिनं फॉर्मची घडी घातली. "छापनं तुमचं कामच हाये. पन तुम्ही मले एवढंच इचारलं, दिसला का नाई दिसला. काऊन खोटं लिहून राह्यली, हे नाई इचारलं. तेवढं इचाराले पाह्यजे होतं भाऊ. रोज लोकायले इचारता ना तुम्ही, काऊन झालं, कसं झालं?"

उत्तरासाठी ती थांबली नाही. म्हणाली, "नोटीस कोन देते पेपरात?"

"मी देतो. मजकूर आत्ताच लिहून घेतो."

"पुन्हा माह्यं नाव तुमच्या पेपरात," ती म्हणाली. त्यात हसणं नव्हतं आणि राग पण नव्हता. मी वही काढली. विचारायचं ते तिनं सांगितलं होतं, तरी काय विचारावं हे मला सुचेना. शेवटी एवढंच विचारलं, "नोटीस द्यायची आहे का? नको असेल तर मी जातो."

"द्यायची हाये," ती म्हणाली. "लिहा."

अशा नोटिसा मी पन्नास तरी पाहिल्या होत्या. न विचारता लिहिली: 'मी, गोजरा भगवानराव म्हस्के, रा. देऊळघाट, माझे नाव विवाहानंतर बदलले असून यापुढे मी विमल निवृत्ती सुरुशे, रा. उंद्री, या नावाने ओळखली जाईन.' वाचून दाखवली.

"परत वाचा."

मी परत वाचली.

"बदलले असून, नको," ती म्हणाली. "मी नाई बदललं."

"नोटिशीत असंच लिहितात."

"लिहीत असतीन. बदलण्यात आले असून, असं लिहा."

मी ओळ खोडली आणि ती म्हणाली तसं लिहिलं. कागद तिच्याकडे दिला. तिनं तो स्वतः वाचला, एकेका शब्दावर बोट ठेवत. मग माझं पेन मागितलं आणि खाली सही केली. आधी गोजरा लिहिलं, त्याच्या शेजारी विमल.